शेवटच्या सायकलीचा मान

मापारी हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमाप खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर माणसाचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर काय ते उरतं. मखमली अस्तराच्या पेटीत पितळी वजनं घेऊन ते बाजारात शिरले की दुकानदारांचे हात आपसूक तराजूपासून लांब होत. एका भाजीवालीच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांनी नखाने खरवडून काढला होता आणि सगळ्या बाजाराला दिसेल असा उंच धरला होता. "प्रश्न दहा ग्रॅमचा नाही मावशी, दानतीचा आहे," असं ते तिला म्हणाले होते. हा किस्सा आम्ही निदान वीस वेळा ऐकला असेल. गोळा दर वेळी दहा ग्रॅमचाच असे. त्या बाबतीत माणूस चोख.

निवृत्तीनंतर रक्तात साखर निघाली आणि त्यांनी सायकल घेतली. दोन खोल्यांच्या घरात ती मावेना, म्हणून गॅलरीत उभी राहिली, आणि त्यांच्या पत्नीने तिच्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. "एवढी महाग दांडी सबंध इमारतीत कोणाकडे नाही," असं त्या शेजारणींना सांगत.

आमचं मंडळ दर वर्षी डोंगरांतून आठ दिवसांची सायकलसफर काढतं. बारा जण, सगळे पन्नाशीच्या पलीकडचे, आणि सामान वाहायला एक टेम्पो. पुढारी म्हणून एक दंतवैद्य आहेत. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून एकटंच बोलायची सवय असल्यामुळे ही जागा त्यांच्याकडे चालून आली. डोंगर म्हणाल तर कॉफीचे मळे, नेच्यांनी झाकलेल्या दरडी, केळीची बनं, दुपारी दोनला ड्युटीवर असल्यासारखा हजर होणारा पाऊस आणि मोज्यांतून आत शिरणाऱ्या जळवा. अशा ठिकाणी पैसे भरून घाम गाळायला का जायचं, हा प्रश्न आमच्या घरच्यांना बसल्याबसल्या पडतो. आम्हाला तो चढावर पडतो, पण तेव्हा बोलायला दम नसतो.

चार वर्षांपूर्वी मापारी पहिल्यांदा आले, आणि पहिल्याच चढावर सगळ्यांच्या मागून पन्नास मिनिटांनी पोचले. वर दंतवैद्य घड्याळ बघत उभे होते.

"कुठे होतात इतका वेळ?"

मापाऱ्यांचा चेहरा भट्टीतून काढल्यासारखा लाल होता, पण डोकं थंड होतं. ते म्हणाले, "मागे कोणी राहिलं तर नाही ना, ते बघत होतो."

दंतवैद्य विरघळले. त्यांनी त्यांना मिठीच मारली. इतकी वर्षं मंडळाला मागे बघणारा माणूस नव्हता, ही उणीव त्यांना त्याच क्षणी जाणवली. अशा रीतीने 'शेपूट' हे पद निर्माण झालं. पदाबरोबर नारिंगी जाकीट आलं, शिट्टी आली, औषधांची डबी आली. सफर संपल्यावर मापाऱ्यांनी घरी बसून मंडळाची नियमावलीही लिहून आणली, खात्याच्या भाषेत. कलम एक: पुढाऱ्यास कोणीही ओलांडू नये. कलम दोन: शेपटाने कोणासही ओलांडू नये. कलम तीन: शेपूट होण्याचा मान मंडळातील सर्वांत सक्षम सदस्यासच द्यावा. पहिली दोन कलमं दंतवैद्यांनी सुचवली होती. तिसरं कोणी मागितलं नव्हतं.

सगळ्यात मागच्या माणसाची एक सोय असते. त्याला सायकल चालवताना कोणीच पाहिलेलं नसतं. मापारी चढ लागला की चार वळणं चालवत, दोन वळणं ढकलत, मैलाच्या दगडावर बसून केळं खात आणि पुढची सायकल नजरेच्या टप्प्यात आली की पटकन स्वार होऊन एक जोरकस शिट्टी वाजवत. शिट्टीत दम भरपूर असे. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस मनात आणील तर आत्ता पुढे निघून जाईल.

ऐकणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता, आणि त्या सदैव शेवटून दुसऱ्या. शिट्टी वाजली की त्या बिचाऱ्या दात-ओठ खाऊन पायडल मारत. संध्याकाळी गुडघ्यावर बर्फ धरून त्या मापाऱ्यांकडे येत. "माझ्यामुळे तुम्हाला रखडावं लागलं हो. माफ करा."

मापारी हात हलवून म्हणत, "त्याचं काय एवढं, बाई! शेपटाचं कामच ते."

चार वर्षं, वर्षातले आठ दिवस, रोज संध्याकाळी.

यंदा पाचव्या दिवशी मोठा घाट होता. बावीस किलोमीटरचा सलग चढ, एकेचाळीस वळणं. त्या दिवशी सकाळी दंतवैद्य खोलीबाहेर आले तेव्हा त्यांचा डावा गाल पेरूएवढा सुजला होता. दाढ. गावात दातांचा दवाखाना होता, पण दंतवैद्यांचा दंतवैद्यांवर विश्वास नव्हता. ते टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसणार होते. जाण्याआधी त्यांनी विश्रामगृहाच्या जेवणघरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आज पुढारी मापारी. कलम तीन. आपल्यातला सगळ्यात तगडा माणूस."

आता पुढे मापाऱ्यांची पाठ आणि मागे दहा जोडी डोळे. पहिल्या चार वळणांतच चार वर्षांचं पितळ उघडं पडणार होतं. ते फोन घेऊन आवारात गेले आणि पत्नीला लावला. मी तिथेच चाकात हवा भरत होतो, तेव्हा ऐकण्यावाचून इलाज नव्हता. पत्नीचा आवाज तर हवा न भरणाऱ्यांनाही ऐकू गेला असता.

"आजारी पडू का गं?"

"दाढेचा आजार झालाय ना आधीच एकाला? एका सकाळी दोन-दोन कशाला? अहो, खरं सांगून टाका."

"हसतील."

"हसू देत की. मी सदतीस वर्षं हसतेय, तुमचं काही अडलं?"

मापारी आत आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "मंडळी, एक सांगायचंय. मी आपल्यातला सगळ्यात हळू माणूस आहे. मी मागे राहतो, कारण मला पुढे जाताच येत नाही."

बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "वा! याला म्हणतात मोठेपणा. आपल्याला दडपण येऊ नये म्हणून माणूस स्वतःला कमी लेखतोय."

"अहो, खरंच सांगतोय."

"बघा! अजून!" मॅनेजर म्हणाले, आणि सगळं जेवणघर टाळ्यांनी दुमदुमलं. दंतवैद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं दाढेमुळे असेल. खरं बोलण्याची मापाऱ्यांना सवय नव्हती असं नाही, पण त्याची पावती म्हणून टाळ्या मिळाल्यावर काय करायचं, हे खात्याने शिकवलं नव्हतं.

बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या अर्धं सोललेलं केळं हातात धरून मापाऱ्यांकडे बघत होत्या. वर्गात चुकीच्या रीतीने उत्तर बरोबर कसं आलं हे शोधताना शिक्षक बघतात तसं.

घाट सुरू झाला. मापारी आपल्या चालीने निघाले. दुसरी चालच नव्हती. कलम एकमुळे मागचे दहा जण ब्रेकवर बोटं ठेवून मुंग्यांसारखे रांगेत. चौथ्या वळणावर मापारी उतरले आणि सायकल ढकलू लागले. मागे कुजबुज झाली.

"उतरले का हो?"

"अहो, स्नायू आलटून पालटून वापरायचे असतात. परदेशात असंच करतात," मॅनेजर म्हणाले. मग आम्ही सगळे उतरलो आणि तगडे, चांगले धडधाकट दहा जण शास्त्रशुद्ध पद्धतीने सायकली ढकलत निघालो. सहाव्या वळणावर मापारी मैलाच्या दगडावर बसून केळं खाऊ लागले. मॅनेजरांनी फोनमध्ये टिपून घेतलं: दर सहा वळणांनी एक केळं. केळी कमी पडली तेव्हा एक जण खालच्या वळणावरच्या टपरीपर्यंत जाऊन डझनभर घेऊन आला, आणि तरीही आम्हाला गाठून रांगेत आपल्या जागी उभा राहिला. यावरूनही कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

बाई त्या दिवशी शेपूट होत्या. जाकीट अंगात, शिट्टी गळ्यात. गुडघ्याला जोर न लावता त्या निवांत येत होत्या, आणि वळणावळणावर मान वर करून पुढाऱ्याकडे बघत होत्या.

पावणेसहा तासांनी आम्ही वर पोचलो. कोणाच्या पायात गोळा नाही, कोणाला उलटी नाही, बाराच्या बारा जण पहिल्यांदाच एका फोटोत. दंतवैद्य सुजल्या तोंडाने म्हणाले की गती राखणं याला म्हणतात, आणि पुढच्या वर्षीपासून मापारीच कायमचे पुढारी. मापारी हात जोडून म्हणाले, "नको. मला माझी मागची जागा द्या." पुन्हा टाळ्या.

बाई चहाच्या टपरीमागे त्यांना गाठून उभ्या राहिल्या. मी चहाचे पैसे देत होतो.

"सकाळी म्हणालात ते खरं होतं."

"हो."

"पहिल्या वर्षापासून?"

मापाऱ्यांनी मान हलवली.

"मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, चढावर जोर लावायचा नाही. मी लावला. तुम्हाला थांबावं लागू नये म्हणून. शिट्टी वाजली की लावला." बाईंचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही मला माफ करत राहिलात."

"बाई, माझ्या तोंडून निघून गेलं हो... पहिल्या दिवशी एकदा बोलून बसलो, मग..."

"पहिल्या दिवशीचं समजू शकते मी. पण तिसरं कलम घरी बसून लिहिलंत ना?"

मापाऱ्यांनी भाजीवाल्या, पंपवाले, सोनार यांच्या सबबी तेहतीस वर्षं ऐकल्या होत्या. त्यांतली एकही त्यांना त्या वेळी आठवली नाही. बाईंनी जाकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी दाढेची सूज गोळ्यांनी उतरली आणि दंतवैद्य पुन्हा पुढे झाले. मापारी मागे, त्यांच्या पुढे बाई. बाईंनी त्या दिवसापासून घाई सोडली. दर मैलाच्या दगडाला त्या थांबत. पाखरं बघत. मोजे काढून जळवा शोधत. नसल्या तरी शोधत. शिट्टी वाजलीच नाही. कलम दोनमुळे मापाऱ्यांना त्यांच्या मागे उभं राहणं भाग होतं, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं कलम मोडणारा तो माणूस नव्हे. आमच्या मंडळाच्या शेपटाने आपलं काम केलं ते तेव्हापासून.

शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी दोनला पाऊस आला. आम्ही मुक्कामी पोचून जेवलो, डुलकी काढली, चारचा चहा झाला, तरी दोघांचा पत्ता नाही. दंतवैद्यांनी टेम्पो मागे पाठवला. मीही त्यात बसलो. नऊ किलोमीटरवर बस थांब्याची एक पत्र्याची शेड होती. तिथल्या एकुलत्या एक बाकावर बाई बसून वर्तमानपत्र वाचत होत्या; बातम्या संपवून त्या निविदांवर आल्या होत्या. शेडच्या कडेला पत्र्यावरून पडणाऱ्या धारेत मापारी सायकल धरून उभे होते.

"निघायचं का, बाई?" ते विचारत होते.

"तुम्ही व्हा की पुढे."

"ते नियमात बसत नाही."

"हो का," म्हणून बाईंनी पान उलटलं.

टेम्पोवाल्याने काच खाली केली. "काय झालं? कोण अडकलंय?"

"कोणी नाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मी बसलेय. हे उभे आहेत."