यमुनाबाईंच्या दुपारी

यमुनाबाई तान्ह्या मुलांना प्रश्न विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. "काय रे, आये कुठं गेली तुजी?" असं विचारून त्या खरंच थांबत. बाळाने नुसतं हूं केलं तरी म्हणत, "असं व्हय? मंग?" किन्हवलीच्या पुढच्या त्या गावात मी अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा हे पाहून मला हसू आलं होतं.

"त्याला काय कळतंय, यमुनाबाई?"

"बोललेला कळत नसंल, बाई. पन कोनतरी आपल्यासाठी थांबलाय, ते कळतं."

त्या आमच्या मदतनीस. झाडलोट, पाणी, खिचडी, मुलांना घरून आणणं, सगळं त्यांच्याकडे. उंच, कमरेत वाकलेल्या, गुडघे कायम सुजलेले. बसताना 'दमले गो माय', उठताना 'दमले गो माय'. पण मूल रडलं की हात आधी पुढे जायचे, दमणं मागाहून यायचं.

दिवाळीनंतर गावाबाहेर वीटभट्टी लागायची. मजुरांची कुटुंबं तिथेच झोपड्या घालून राहत. एका वर्षी मुलांची वजनं घ्यायला आम्ही दोघी गेलो. कमळी नावाची मजुरीण विटा पाडत होती आणि तिची मंगल, आठ-नऊ महिन्यांची, झोळीत उताणी पडली होती. जवळ गेलो तरी तिने मान वळवली नाही. डोकं मागून चपटं झालेलं.

"लय गुनाची हाय," कमळी कौतुकाने म्हणाली. "रडत नाय, तरास देत नाय."

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. परतताना त्या एवढंच बोलल्या, "रडून बगितलं असंल तिनं. कोन येत नाय म्हनून गप झाली."

शहापूरला दवाखान्यात नेलं. कान, डोळे ठीक होते. वजन फार कमी होतं. खायला घाला, मांडीवर घ्या, तिच्याशी बोला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कमळीने मान हलवली, पण दिवसभर चिखलात हात असलेली बाई मांडीवर घेणार कधी?

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडी बंद झाली की यमुनाबाई वाटीत मऊ भात कालवून भट्टीवर जाऊ लागल्या. उन्हातून, ओढा ओलांडून. मंगलला मांडीवर घ्यायच्या, घास भरवायच्या, प्रश्न विचारायच्या. पोर भलतीकडेच बघत राहायची. बरेच दिवस असेच गेले. "मुकीच हाय ती, कशाला जाते थेरडी?" असं गावात बोलत. त्यांच्याही कानावर गेलं असणार.

एका दुपारी मी सोबत होते. त्यांनी कमळीला हाक मारली, "हात धू आनि ये. माजी सवय नको लावू तिला, तुजी लाव." कमळी उठली तसा मुकादम ओरडला, "काम सोडून कुठं चालली?"

यमुनाबाई गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "मुकादम, कच्च्या इटेवर पाय पडला तर भाजल्यावर जातो का ठसा?"

"नाय जात."

"मंग ही पोर अजून कच्ची हाय. आयेला घटकाभर बसू दे हिच्यापाशी."

मुकादम विडी पेटवून दुसरीकडे बघत राहिला. कमळी बसली.

होळीच्या सुमारास मंगलने पहिल्यांदा कमळीकडे बघून आवाज काढला. कमळी रडू लागली, आणि आई का रडते म्हणून मंगलही रडली. मोठ्याने, गळा काढून. भट्टीवरच्या बायका हसत होत्या. पावसाआधी भट्टी बंद झाली तेव्हा ती झोपडीची मेढ धरून उभी राहत होती. मग टेम्पो आला आणि सगळे आपापल्या गावी गेले.

पुढे वयामुळे यमुनाबाईंचं काम सुटलं. गुडघ्यांनी अंथरूण धरायला लावलं. गेल्या थंडीत कमळी पुन्हा याच भट्टीवर आली आणि मंगलला घेऊन त्यांना भेटायला गेली. मी तिथेच होते. मंगल आता चांगली धावती, बोलती झालेली. "ही आजी, वळखलंस?" कमळीने विचारलं. मंगलने नाही म्हणून मान हलवली आणि आईच्या पदराआड लपली. कमळी ओशाळली.

यमुनाबाई मात्र हसल्या. "नाय वळखलं ना? बेस झालं. मांडी कोनाची व्हती ते पोरांनी कशाला ध्यानात ठेवायचं? बसली व्हती, तेवडं पुरे."

मंगल अंगणात कोंबड्यांमागे पळाली. त्या दारातून तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आडवं करा बाई मला. आज खरंच दमले."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. भट्टी अजून चालू आहे. यंदा तिथे तीन झोळ्या आहेत. दुपारी अंगणवाडीला कुलूप लावून मी निघते, आणि ओढ्यापाशी पोचेपर्यंत माझेही पाय भरून येतात.