चारचा नऊ झाला त्यानंतर

लेओनिला फामातिद आमच्या सहकारी वीज संस्थेत तेवीस वर्षं मीटर वाचत होती. आम्ही सगळे तिला मानांग म्हणायचो; आमच्या बेटावर थोरल्या बहिणीला तशीच हाक मारतात. मी बिलाच्या खिडकीवर बसतो. रोज सकाळी तिची वही मीच तिच्या हातात द्यायचो आणि दुपारी मीच परत घ्यायचो. आमच्या गावात निम्म्या लोकांची आडनावं ‘फ’वरून सुरू होतात. वहीच्या एकाच पानावर अकरा फाउलान असायचे, पण मानांगनं कधी एकाचा आकडा दुसऱ्याच्या ओळीत लिहिला नाही.

आमच्याकडे मीटर घरात नसतात. चोऱ्या व्हायला लागल्यावर संस्थेनं ते खांबांवर बारा फूट उंच नेऊन बसवले, एकेका खांबावर सहा-सात. खाली उभं राहायचं, मान मागं टाकायची, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि आकडा टिपायचा. उन्हात काच चमकते, पावसात धुरकटते. शिवाय कुत्री. मानांगच्या पोटरीवर कुत्र्यांचे तीन चावे होते आणि ती ते कुणालाही दाखवायची, मेडल असल्यासारखे.

पन्नाशी उलटली आणि तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू व्हायला लागला. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, फेलिमोनलाही नाही. डुकरांना खायला घालता घालता फेलिमोन एकदा म्हणाला, “अगं, भाताचं पातेलं समजून तू डुकरांचं पातेलं उचललंस,” तेव्हा तिनं हसण्यावारी नेलं. दुर्बीण मात्र ती तेव्हापासून डाव्या डोळ्याला लावायला लागली.

सप्टेंबरात ती सालुद आजीच्या खांबाखाली उभी होती. सत्तरीची ही बाई एकटीच राहायची आणि शाळेतल्या पोरांना बर्फाच्या कांड्या विकायची. वहीत ऑगस्टचा आकडा होता तेराशे ब्याण्णव. वर मीटरवर दिसत होता तेराशे बासष्ट. मानांगनं डोळा पुसला, पुन्हा पाहिलं. शेजारून शिडी आणली आणि वर चढून नाक काचेला लावून वाचलं. बासष्टच होता. मीटर काही उलटं फिरत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये तेराशे बेचाळीस होतं आणि तिनं चारचा नऊ वाचला होता.

ती आजीच्या घरात गेली. आजी फ्रीज उघडून पुढ्यात बसली होती आणि आत घडी घातलेले कपडे होते.

“आजी, फ्रीज बिघडला?”

“बिघडतोय कशाला! मीच बंद केलाय. मागचं बिल दुप्पट आलं बाई. म्हटलं, हाच मेला वीज खातोय. आता निदान उंदरांपासून लुगडी तरी वाचतात.”

“मग खिडकीवर विचारायला आला नाहीत?”

“काय विचारायचं? आकडा तू लिहिलेला. तू कधी चुकतेस का!”

मानांग उंबऱ्यावर बसली. “चुकले, आजी. मला नीट दिसत नाही. चार होता, मी नऊ लिहिला.”

 आजी म्हणाली, “हात्तिच्या! म्हणजे माझा महिना फुकटच गेला की. पोरं आता पलीकडच्या दुकानात जायला लागलीत.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मानांग नंतर मला म्हणाली. आजी उठली आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आली. ते तिच्यानं पिववेना.

मी ते बिल पाच मिनिटांत दुरुस्त केलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, “झालं ना आता? कुणाकडे बोलू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन करून घे, रजा देते.”

“बाई,” मानांग उभ्यानंच म्हणाली, “चारशे अकरा घरं वाचते मी. ही चूक सापडली, कारण आजीनं फ्रीज बंद केला आणि मीटर माझ्या आकड्याच्या मागं राहिला. न सापडलेल्या किती असतील?”

“त्याचं आता काय करणार?”

“तुमच्या कपाटात ते बिनतारी मीटरचे कागद पडलेत ना वर्षभर? ते बाहेर काढा.”

बाई चमकल्या. ते कागद बाहेर येऊ नयेत म्हणून तर सहाही मीटर वाचणाऱ्यांनी मिळून अर्ज दिला होता आणि त्यावर पहिली सही मानांगची होती. नव्या मीटरमध्ये छोटा रेडिओ असतो. तो आपला आकडा दिवसातून चार वेळा हवेतून पाठवतो, वाडीच्या कचेरीवरची एक पेटी ते सगळे आकडे गोळा करते आणि आमच्या ऑफिसात पोचवते. मग वहीही नको, दुर्बीणही नको आणि मानांगही नको.

“पण एक अट आहे,” ती म्हणाली. “आम्हा सहापैकी कुणाला काढणार नाही, काम देणार, हे आधी लिहून द्या. तोंडी नको.”

बाईंनी चार दिवस घेतले, पण लिहून दिलं.

ही गोष्ट बाहेर फुटली आणि प्रोकोपियो खवळला. मीटर वाचणाऱ्यांत तो सगळ्यात जुना. त्याची नजर घारीसारखी. दुर्बिणीशिवाय वाचतो अशी त्याची बढाई. खिडकीसमोर सगळ्यांदेखत तो म्हणाला, “स्वतःचे डोळे गेले म्हणून आमचेही फोडायला निघालीस होय?”

“तुझे डोळे चांगलेत दादा. किती वर्षं राहतील?”

“माझ्या बापाचे ऐंशीपर्यंत होते!”

“तो ताडी काढायचा. झाडाला थोडंच बिल जातं!”

लोक हसले. प्रोकोपियो हसला नाही.

वर्षाची सभा बास्केटबॉलच्या मैदानावर भरली. तांदळाची पोती सोडतीत लागतात म्हणून गर्दी नेहमीच असते. पहिल्या वाडीत दोनशे चाळीस नवे मीटर बसवायचा ठराव आला आणि गलका उठला. हे मीटर जोरात पळतात म्हणे. त्या लहरींनी डोकं दुखतं. ऑफिसात बसून वाटेल तो आकडा टाकतील, आपल्याला काय कळणार?

मानांग माईकपाशी गेली. आयुष्यात ती कधी माईकवर बोलली नव्हती. फार जवळ धरल्यानं तिचा श्वासच जास्त ऐकू येत होता. सालुद आजीची परवानगी तिनं आधीच घेतली होती. तिनं झालं ते सगळं सांगितलं. डोळा, चार, नऊ, फ्रीजमधले कपडे.  मग मागून कुणीतरी ओरडलं, “म्हणजे आमचीपण बिलं चुकली असणार!”

“असतील,” ती म्हणाली. “म्हणूनच म्हणते, माझ्यावर विश्वास ठेवू नका. यंत्रावरही ठेवू नका. तीन महिने दोन्ही वाचू. यंत्राचा आकडा पाकिटात बंद करून वाडीच्या कप्तानाकडे ठेवू. माणसाचा आकडा वहीत. महिन्याच्या शेवटी इथंच, तुमच्यासमोर, पाकीट फोडू.”

“आणि माणूस कोण? तूच का?” प्रोकोपियोनं विचारलं.

“नाही. तू. तुझा याला विरोध आहे, म्हणून तूच वाच.”

त्याला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर घारीची नजर गेली कुठं, असं लोकांनी विचारलं असतं.

शहरातून अमादो नावाचा इंजिनिअर आला. मीटर बसवायचं काम मानांगनं त्याच्याबरोबर केलं. तो खांबावर, ती खाली यादी घेऊन. पहिल्या महिन्याचं पाकीट फुटलं तेव्हा मैदानावर सभेपेक्षा जास्त माणसं होती. कप्तान, म्हणजे आमचे वाडीप्रमुख, एकेक घर पुकारत होते, प्रोकोपियो वहीतला आकडा सांगत होता. जुळला. जुळला. दोन ठिकाणी जुळला नाही, तेव्हा सगळे उठून खांबापर्यंत गेले, शिडी लावली. दोन्हीकडे प्रोकोपियो चुकलेला निघाला. त्यानं टोपी पुढं ओढली.

मग दोन शेजारी फाउलानांची नावं आली. एकाचं घर सहा माणसांचं, दुसऱ्याकडे नवराबायको दोघंच. पाकिटात बरोबर उलटं. अमादो आणि मानांगनं नोंद करताना दोन मीटरचे नंबर एकमेकांच्या नावावर टाकले होते.

“बघा!” प्रोकोपियो खुर्चीवरच चढला. “फाउलानची वीज फाउलानच्या बोकांडी! तेवीस वर्षं जे हिनं केलं नाही, ते यंत्रानं एका महिन्यात करून दाखवलं!”

शिवाय ओढ्यापलीकडच्या सतरा घरांचा आकडाच आला नव्हता. मध्ये टेकडी.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, “मानांग, पुरे आता. ऑपरेशन कर, घरी बस.”

“यंत्र नाही चुकलं रे,” ती म्हणाली. “यादी चुकली. ती माझ्या हातची होती.”

दुसऱ्या दिवसापासून ती दोनशे चाळीस घरं पुन्हा फिरली. प्रत्येक घरच्या माणसाला खांबाखाली उभं करायचं, घरातलं मुख्य बटण बंद करायला लावायचं, वर कुठल्या मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबतो ते अमादोनं सांगायचं, नंबर लिहायचा आणि घरच्याची सही घ्यायची. लोक कंटाळले. “काल तर येऊन गेलात!” “भात लावलाय, नंतर या!” ती उंबऱ्यावर बसायची. भात शिजेपर्यंत बसायची. एकोणीस दिवस लागले. आणखी एक जोडी उलटी सापडली. ती नसती फिरली तर कुणाला कळलंही नसतं, कारण दोन्ही घरांचा खर्च जवळपास सारखाच होता.

सतरा घरांबद्दल अमादो म्हणाला, “तेवढी हातानं वाचा की. सतरासाठी वेगळी पेटी बसवायला वरचे मान्य करणार नाहीत.”

“ओढ्याला पाणी असतं तेव्हा तिथं कुणाला जाता येत नाही. तेव्हा आम्ही अंदाजे आकडा लिहितो,” मानांग म्हणाली. “चुका तिथंच जास्त. ती सोडायची तर बाकीची केली कशाला?”

अमादो नकाशा घेऊन बसला. ती त्याच्या हातातलं, लहरी पकडणारं छोटं यंत्र घेऊन टेकडी चढायला लागली. कुठं उभं राहिलं की किती मीटर ऐकू येतात ते बघत. नारळ सुकवायच्या भट्टीपाशी अकरा आले. वरच्या पायवाटेवर नऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी कड्याच्या टोकाच्या खांबाखाली पडद्यावर सतरा ओळी उमटल्या. तिला त्या धूसर दिसत होत्या, म्हणून तिनं अमादोला वर बोलावून तीनदा मोजायला लावल्या. पेटीसाठीचा अर्ज तिनं स्वतः लिहिला आणि मंजूर होईपर्यंत दर सोमवारी मॅनेजरबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. पाचव्या सोमवारी बाई म्हणाल्या, “घे बाई, पण उद्यापासून दार अडवू नकोस.”

दुसऱ्या महिन्यात ती सतरा घरं तेवढी कोरी राहिली; मग पेटी बसली आणि तिसऱ्या महिन्याचं पाकीट फुटलं. दोनशे चाळीस घरं, सगळी जुळली. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. कप्तान म्हणाले, “चला, जेवायला,” आणि लोक उठले. प्रोकोपियो वही मिटून माझ्यापाशी आला. “दोनदा तपासलं मी,” तो म्हणाला. “एखादी तरी सापडेल म्हणून.”

सहा जणांपैकी मानांग याद्या सांभाळते, चौघं आता मीटर बसवतात आणि दुरुस्त करतात. एकजण सौदीला ड्रायव्हर म्हणून गेला. लेखी हमी होती तरी त्याला हे काम आवडलं नाही, आणि मानांगनं आपल्याला घालवलं असं तो आजही फोनवर सांगतो. तिला ते लागतं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पूर्वीइतकं दिसत नाही, पण यादी वाचता येते.

या महिन्यात दुसऱ्या वाडीचं काम सुरू झालं. संचालक मंडळानं निरोप पाठवला की बटण बंद करून तपासायचा खटाटोप आता नको, वेळ जातो, पहिल्या वाडीत जमलंय ना. मानांगनं निरोप ऐकून घेतला. मग प्रोकोपियोला म्हणाली, “दादा, शिडी घे,” आणि पहिल्या घराच्या दारात जाऊन हाक मारली, “अहो ताई, जरा मुख्य बटण बंद करता का?”