आधी मान, मगे फोटो

दाजीकाका फोटोसाठी माणसांना उंचीप्रमाणे उभं करत नसत, मानाप्रमाणे करत. लग्न असो की शाळेचं संमेलन, पुढे गावाचा पहिला मान असलेले गावकर, मग बारापाचाचे मानकरी, म्हणजे जत्रेत ज्यांचे नारळ आधी ठेवले जातात ते, मग सरपंच, आणि उरलेली जनता मागे. गावकर सहा फुटी असले तरी मध्यभागी तेच. मागच्या चारपाच जणांचे नुसते केस फोटोत यायचे. कोणी कुरकुरलाच तर काका म्हणत, "केस इले मां? मगे इलंस तू फोटोत!" मालवणच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ जन्मभर चालला तो असा.

मी पुण्याची नोकरी सोडून आले आणि इथल्या हॉटेलवाल्यांच्या वेबसाइट करू लागले. काका वडिलांचे मित्र. एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. मुंबईच्या एक संपादकबाई किनाऱ्यावरच्या माणसांचं छायाचित्रांचं पुस्तक काढत होत्या आणि त्यांनी काकांकडे साइटची लिंक मागितली होती. काकांनी उभं आयुष्य तारकर्लीच्या वाळूत रापणीचे फोटो काढले होते. समुद्रात सोडलेलं ते लांबलचक जाळं किनाऱ्यावरून सगळा गाव मिळून ओढतो, त्याचे. "रापण ओढणारे हात आता ऱ्हवले नाय गो," ते म्हणाले. "जे होते, ते भायरच्या कोणीतरी बघूक होये. माका दुसरा काय नको." एवढं बोलून ते उगाचच कॅमेऱ्याची काच पुसत बसले. हे काम व्हायलाच हवं, असं मी तेव्हाच ठरवलं.

आठवडाभर खपून मी बारा फोटो निवडले. पहिला ठेवला तो ओल्या दोरीला लोंबकळल्यासारख्या मागे रेललेल्या माणसांचा. टाचा वाळूत रुतलेल्या, कॅमेऱ्याकडे कोणाचंच लक्ष नाही. कोण कुठे उभा राहणार हे तिथे दोरी ठरवते, म्हणून काकांचं काही चाललं नव्हतं. असा फोटो काढणारा माणूस उरलेल्या वेळी सरपंचांची टोपी सरळ का करत बसतो, हे कोडं मला कधीच सुटलं नाही.

दोन दिवसांनी साइट उघडली आणि कपाळाला हात लावला. काकांनी भाच्याकडून पासवर्ड चालवायला शिकून घेतलं होतं. सुरुवातीला गणपती, मग ग्रामदेवतेची पालखी, मग फेटे बांधलेले गावकर, मग एकेक मानकरी, मग दोन सरपंच, आजी आणि माजी. प्रत्येकाच्या छातीवर 'दाजी फोटो स्टुडिओ' अशी लाल पट्टी. साइट उघडताच आरती सुरू. आणि रापण? मानकऱ्यांच्या नातवंडांच्या बारशानंतर, तळाला.

मी तरातरा स्टुडिओत गेले. लॅपटॉप त्यांच्यापुढे आपटायचाच बाकी ठेवला.

"काका, त्या बाई पहिले चार फोटो बघतील आणि बंद करतील!"

"घराक इलेलो माणूस उंबऱ्यावरसून परत जाता काय?"

"जातो! साइटवर जातो! 'पुढे बघा' म्हणून सांगावं लागलं की ती साइट फसली म्हणून समजा."

"गो, आधी मान, मगे फोटो. मान चुकलो काय सगळा चुकला. गावकरांका तळाक घालू आणि बाजारात खंयच्या तोंडान फिरू?"

मी ओरडत होते आणि हा गृहस्थ खुशाल कॅमेरा उचलून माझे फोटो काढत होता. "रागावलंस काय बरी दिसतंस," वर हे! मी दार आपटून निघून आले. साइटला हात लावला नाही. काकांनी लिंक तशीच पाठवली. बाईंचं उत्तर आलं ते त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. गावातल्या प्रतिष्ठितांचे फोटो चांगले आहेत, पण आम्हाला हवं तसं काही दिसलं नाही. "तिका येळ नाय तर फोटो कित्याक होये?" काका म्हणाले, पण आवाज पार बसला होता. मी म्हटलं, सांगितलं होतं. आणि फोन ठेवला. हे शेवटचं बोलणं. आजही आठवलं की स्वतःची चीड येते.

पावसाळ्याआधी काका गेले, स्टुडिओतल्या खुर्चीतच. बारावा झाल्यावर काकींनी मला बोलावलं. "ता पुस्तक अजून व्हायचा आसा म्हणतत. आता तुका होया तशी कर सायट."

कितीतरी महिन्यांनी मी साइट उघडली. गणपती, पालखी, आणि तिसरा फोटो माझा. भुवया चढलेल्या, तोंड उघडं, बोट लॅपटॉपवर रोखलेलं, छातीवर लाल पट्टी. माझ्यामागून गावकर.

"ते म्हणत," काकी म्हणाल्या, "सायट तिणा बांधल्यान, देवामागसून पयलो मान तिचो."

देवांची क्षमा मागून त्यांना काढलं. गावकर काढले, मानकरी काढले, सरपंच दोन्ही काढले, आरती बंद केली. बारा फोटो पुन्हा लावले. माझा तेवढा राहिला, सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या कोणाच्या साइटवर असला हललेला फोटो बघून मी त्याला फाडून खाल्लं असतं. तीनदा काढायला गेले. तळाला ढकलावा असंही मनात आलं, पण दाजीकाकांनी दिलेला मान मागच्या रांगेत नेऊन बसवायचा कसा? बाईंना लिंक पाठवली आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदाच, एक ओळ लिहिली: "पहिल्या फोटोवरून कृपया परत जाऊ नका, पुढे बघा."