वालाच्या मुळावरच्या गाठी

महाडच्या औषधांच्या दुकानात मी इतकी वर्षं काउंटरमागे उभा आहे, की जंतू म्हटलं की माझा हात आपोआप अँटिबायोटिकच्या खणाकडे जातो. या सवयीने वडिलांचा वाल जवळजवळ संपवला.

वडील पावसाळ्यात गेले. मागे राखेत घोळवलेल्या वालाचा एक डबा राहिला. पोलादपूरकडच्या आमच्या खाचरात भात कापल्यावर ते दरवर्षी हेच बी टाकायचे, त्यातलंच पुढच्या वर्षाला ठेवायचे. त्या हिवाळ्यात अख्खा डबा मी पेरला आणि दर रविवारी मोठ्या ऐटीत बांधावर उभा राहू लागलो.

महिन्याभरात परसातल्या वांग्यांनी माना टाकल्या. कृषी सहायकाने एक खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं. कापल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला.

"जिवाणू आहेत. झाडाला पाणीच वर चढू देत नाहीत. उपटा आणि जाळा."

जाळली. मग शंका आली म्हणून वालाचं एक रोप उपसलं. मुळांना गाठीच गाठी! झालं, मी कंबर कसली आणि ओळीमागून ओळ उपटून पेटवत सुटलो.

काकी आली तेव्हा शेवटची एक ओळ उभी होती.

"काय रे, शेंगा धरायच्या आधीच पोपटी लावतोस? भाजायला मडकं आणू?"

"काकी, रोग आहे. मुळं बघ."

"कसला रोग! तुझा बापूस ह्या गाठी बघून खूष व्हायचा. गाठी हायत तर पुढचं भात जोरात, म्हणायचा. ऊठ तिथून!"

मी सहायकाला फोटो पाठवला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

"हेही जिवाणूच, पण कामाचे. हवेतलं नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे."

फोडली. नखाला गुलाबी लागलं.

वडील अस्संच नख माझ्यापुढे धरायचे. "बघ, जमिनीचं रगत हाय." मी सुट्टीवर आलेला; मोबाइलमधून मान वर न काढता "हं" म्हणायचो.

त्या एका ओळीने मूठभर बी दिलं. राख लावून ते त्याच डब्यात ठेवलं. डबा पुन्हा भरायला तीन हिवाळे गेले. अजून दर हिवाळ्यात मी एकच रोप उपसतो, गाठ फोडतो आणि नख पुढे धरतो.

काकी बांधावरून ओरडते, "कोणाला दाखवतोस रे?"

मी नख शर्टाला पुसतो आणि तण काढायला खाली बसतो.