अकरा खिडक्यांचा जून

माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं जूनचं पान तुमच्या आजोबांनी अजून उलटू दिलेलं नाही. तुम्ही दोघं डोंबिवलीहून परत गेलात तेव्हापासून ते तसंच लटकतंय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात की उंदरांनी खाल्लं. रेघेरेघेने, कोपरे सांभाळून खाणारे उंदीर. मोठेपणी तुम्हीही ही गोष्ट आपापल्या सोयीने सांगाल, म्हणून खरं काय झालं ते मी आत्ताच लिहून ठेवते.

त्या दुपारी वीज गेली होती, तुमचे खेळ बंद पडले होते, आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असल्यामुळे मला इंग्लंडमधलं सतराशे बावन्न साल आठवलं. त्यांचं कॅलेंडर सूर्याच्या मागे पडलं होतं, म्हणून पार्लमेंटने कायदा करून अकरा दिवस गाळून टाकले. लोक दोन सप्टेंबरला झोपले आणि सकाळी उठले ते चौदा तारखेला.

तुमच्यातल्या थोरल्याने विचारलं, मग मधले अकरा दिवस दात कोणी घासले? धाकटीला त्या दिवसांतल्या वाढदिवसांची काळजी पडली. आजोबांना ओट्यावर ठेवलेल्या दुधाची. मी तिघांनाही समजावलं की अकरा दिवस कोणी झोपलं नव्हतं, नेहमीसारखी एकच रात्र गेली, फक्त तारखेचं नाव बदललं. साऱ्या गोष्टीतलं हे एकच महत्त्वाचं वाक्य, आणि नेमकी तेव्हाच वीज आली.

दुसऱ्या दिवशी एकादशी कधी आहे ते बघायला गेले, तर पानाला अकरा चौकोनी भोकं, आणि त्यांतून जुलै डोकावत होता. शेवटचं भोक तुमच्या विमानाच्या तारखेचं होतं. धाकटीने शांतपणे सांगितलं, पार्लमेंटने ठरवलंय, आम्ही जात नाही. पार्लमेंटमध्ये ती होती आणि आजोबा होते. ठाण्यात खोपटच्या दातांच्या डॉक्टरांकडे आजोबांची दाढ काढायची तारीख त्याच अकरांत येत होती. आपण फक्त कागद ताणून धरला, असं त्यांचं म्हणणं.

थोरला आंबा खात हे ऐकत होता.

"अगं, तारीख कापून विमान कुठे कापलं जातं? आजीकडचे दिवस कापलेस. आता आज झोपायचं आणि उठून थेट विमानतळावर."

धाकटी तडक उठली. मग कचऱ्याच्या डब्यातून एकेक चौकोन शोधून आणून तिने ते भाताच्या शितांनी चिकटवले. दोन मंगळवार शेजारी आले, एकादशीला आमरस लागला. पण दिवस परत आले तसं विमानही परत आलं, आणि तिने मोठ्याने भोकाड पसरलं.

तिला गप्प करायला मी म्हटलं, इंग्रज दिवस कापतात, आपले लोक साठवतात. आपलं चंद्राचं वर्षही सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान असतं. ते दिवस साठत जातात आणि साधारण तिसऱ्या वर्षी त्यांचा एक अख्खा अधिक महिना होतो. तोच आत्ता चालू आहे.

"फुकट?" तिने डोळे पुसत विचारलं.

फुकट, मी म्हटलं. त्यात जावयाला बोलावून अनारसे करतात. त्यांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग वाळवायचे, दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि आमच्या जावयाला, म्हणजे तुमच्या बाबांना, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं.

"बाबा, इथे एक महिना वाढलाय. आजी तुझ्यासाठी अनारसे करतेय. पीठ मुरलं की आम्ही घेऊन येतो."

हे विमान कंपनीला माहीत आहे का, असं बाबांनी विचारलं. मग विचारलं, अनारसे गुळाचेच ना? आजोबांनी फोनमध्ये डोकं घातलं.

"जावईबापू, तांदूळ भिजत पडलेत. आता अर्ध्यावर सोडता येत नाही."

तांदूळ डब्यात ठणठणीत कोरडे होते, आणि तयार पिठाची पिशवी वरच्याच फळीवर. पण माझ्या घरात खोटं चालत नाही. फोन चालू असतानाच मी उठले आणि तांदूळ भिजत घातले.

तिकिटं आठवडाभर पुढे गेली. धाकटीने अकरा दिवस मागितले होते, पण विमान कंपनीचं पार्लमेंट वेगळं असतं.

आजोबांची दाढ मात्र ठरल्या दिवशीच निघाली. अनारसे तळले तेव्हा त्यांचा गाल पुरीसारखा फुगला होता, आणि धाकटी त्यांच्यासमोर मांडी घालून त्यांच्या वाटचे खात होती, पार्लमेंटच्या वतीने.