स्वीडनचा कागद, मस्तगडच्या चिंध्या

कागदाच्या दुकानातली रद्दी दर महिन्याला रद्दीवाला नेतो, किस्से मात्र कुणी उचलत नाही. ते साचतच जातात! मस्तगडला बापूशेठच्या दुकानात मी कारकून होतो. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. तेव्हापासूनचा ढीग माझ्याकडे पडून आहे.

*

दुकानातला भारी कागद अन् पुठ्ठा स्वीडनहून यायचा. शेठना त्या देशाचा अभिमान असा, की जणू त्यांचं आजोळच! एकदा टेंभुर्णीच्या पाटलांनी विचारलं, "शेठ, हे स्वीडन हाय तरी कुठं?"

शेठ गादीवरून न हलता म्हणाले, "मुंबईच्या पुढं. गाडी बदलावी लागती."

"मनमाडला बदलतो तशी?"

"बिलकुल तशी!"

पाटील समाधानानं घरी गेले. शेठही.

*

अस्सल विलायती माल ओळखायची शेठची एक परीक्षा होती. कागदाचा कोपरा जिभेला लावायचा. चिकटला तर देशी, सुटला तर विलायती! ही परीक्षा इतकी गाजली, की गिऱ्हाईकंही माल चाटूनच घ्यायला लागली.

एकादशीला मात्र शेठ कागद तोंडाला लावत नसत. "ते लोक काय घालून बनवत्यात, काय भरोसा? उपास मोडायचा!" त्या दिवशी चाटायचं काम माझ्याकडे. "तुझं काय जातं? तू एकादशीला भजे खाऊन राह्यला!"

*

गावातल्या एका पुढाऱ्यांनी चौकात स्वदेशीवर तास-दीड तास भाषण ठोकलं. विलायती माल घेणारा देशाचा वैरी, वगैरे. दुसऱ्या दिवशी स्वारी दुकानात हजर. "कालचं भाषण छापायचंय. स्वीडनचा कागद दाखवा."

मी म्हणालो, "साहेब, देशी दाखवू?"

"छे! एवढं चांगलं भाषण, अन् कागद हलका?"

*

मग मुंबईचा एक दलाल यायला लागला. तो जुन्या सुती चिंध्या घ्यायचा. त्या जहाजातून विलायतेला जातात अन् त्यांचा उंची कागद होतो, म्हणाला. शेठना हसू आवरेना. "आपलेच फाटके धोतर आपणच पैसे देऊन परत घ्यायचे! ह्याला व्यापार म्हणत्यात!" पण चिंध्या जमवल्याच.

गठ्ठा बांधायला शेठची बायको, म्हणजे आमच्या काकू, अन् त्यांची लेक कमल. शेठ रोज तालमीत जात, त्यांचा लालभडक लंगोट मागच्या दोरीवर वाळत असे. कमलनं तोही चिंधी समजून कोंबला. तिचं तरी काय चुकलं? होताच तसा! संध्याकाळी शेठची बोंब साऱ्या मस्तगडनं ऐकली. "माझा लंगोट स्वीडनला चालला!"

पण गेला नाही. त्याच सुमारास सरकारनं बाहेरचा कागद जवळजवळ बंद केला. माल येईना, दलालही येईना. आवळून बांधलेला गठ्ठा कोण सोडणार? तो गोदामात तसाच राहिला. शेठनं नवा लंगोट घेतला.

*

अन् नेमकं तेव्हाच कमलचं लग्न जमत आलं. आधीची दोन स्थळं मोडली होती. हा मुलगा मास्तर, स्वभावानं गोड, अन् कमलला मनापासून आवडलेला. घोडं अडलं ते त्याच्या वडिलांपाशी. ते परभणीचे वकील. सोवळं इतकं कडक, की दुसऱ्याच्या धोतराचा वारा लागला तरी आंघोळ करायचे. त्यांची एकच अट होती. "पत्रिका विलायती पुठ्ठ्यावरच पाहिजे. न्हाई तर आमच्या इभ्रतीला शोभत न्हाई. दुसरं घर बघा."

शेठ मुंबईपर्यंत जाऊन आले. पुठ्ठा कुठंच नाही. कमल जेवेनाशी झाली. तिच्याकडे बघून मला त्या वकिलाच्या इभ्रतीला काडी लावावीशी वाटे.

शेवटी शेठनं दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याहून हातकागद करणारे चाचा बोलावले. गोदामातला तो चिंध्यांचा गठ्ठा त्यांच्या हवाली केला. चाचांनी जाड, पांढरा, झकास पुठ्ठा करून आणला. "सब अच्छा है शेठ, लेकिन कहीं कहीं लाल धागा रह गया. निकलताच नहीं!"

शेठनं कमलकडं बघितलं. कमलनं जमिनीकडं.

वकीलसाहेब पत्रिकेचा नमुना बघायला स्वतः आले. बैठकीत पुठ्ठा उजेडाला धरला, बोटांनी चोळला. लाल धागा दिसताच भुवया वर गेल्या. "वा! रेशीम घातलेलं दिसतं!"

मग शेठची ती गाजलेली परीक्षा त्यांना आठवली. त्यांनी तो लाल कोपरा जिभेला लावला. चांगला दोनदा लावला. पुठ्ठा सुटला!

"बिलकुल विलायती!" ते म्हणाले. "लग्न पक्कं!"

शेठनं डोळे मिटून घेतले. कमल पदर सावरत पुढं झाली अन् हळूच म्हणाली, "मामंजी, चूळ भरायला पाणी आणू?"