देवाचा ठोका

आमचा ड्रमर ठोक्या कुठल्याही गाण्याआधी एक ठोका वाया घालवायचा. म्हणजे मला तो वाया वाटायचा. चपला काढायच्या, ड्रमला लावलेला हात कपाळाला लावायचा, एक दणका द्यायचा, तो पुरता विरू द्यायचा आणि मग माझ्याकडं बघून मान हलवायची. तोवर मी गिटार घेऊन ताटकळत उभा. "अरे, लोक शिट्ट्या मारतायत, चल की!" म्हटलं तर म्हणायचा, "पयला देवाचा. तो गाण्यात धरायचा न्हाय."

म्हसळ्याजवळच्या त्याच्या गावात शिमग्याला पालखीपुढं ढोल वाजवायचा मान त्याच्या घराचा. तिथला हा रिवाज. ढोल सोडून त्यानं रॉकचे ड्रम धरले, रिवाज काही सोडला नाही. आमचा बँड दोघांचाच: गिटार आणि गळा माझा, बाकी सगळा दणदणाट त्याचा.

पहिला अल्बम आम्ही त्याच्या मामाच्या बंद भातगिरणीत रेकॉर्ड केला. पत्रे थरथरायचे. एका गाण्यात मामी "चहा झालाय रं" म्हणते ते स्पष्ट ऐकू येतं. गाणं संपत आलं की ठोक्या असा उधळायचा, की त्याला गाठता गाठता माझी बोटं सोलून निघायची. ओबडधोबड होता तो अल्बम, पण आमचा होता. देवाचे ठोकेही सगळे जागच्या जागी.

दुसऱ्या वेळी नवी मुंबईची कंपनी मिळाली. आनंदाच्या भरात दोघांनी सह्या ठोकल्या. ठोक्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि हेडफोनमधून कानात तालाची टिकटिक सोडली. उधळायचं नाही, टिकटिकीबरोबर चालायचं. देवाचा ठोका तर कापूनच टाकला. "कोंबडी खुराड्यात घालावी तसं घातलंय रं मला," म्हणाला. पण वाजवलं बिचाऱ्यानं. आणि नेमकं त्यातलंच एक गाणं गाजलं! हळदीत तेच, रिक्षात तेच. झालं, कंपनी म्हणाली, आता सगळं असंच हवं.

तिसऱ्या अल्बमला रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणाले, "एकेक ठोका सुटा वाजवा." आम्हाला वाटलं, माइक तपासतायत. पालखी निघण्याआधी ढोल असाच सुटा वाजवून बघतात ना! ठोक्या तर खूशच झाला. त्यानं चपला काढल्या, हात कपाळाला लावला आणि पहिला ठोका दिला. काय दिला! आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मग गाणी वाजवायची म्हणून तो बाह्या सरसावून बसला, तर साहेब म्हणाले, "झालं तुमचं. आता कॉम्प्युटर वाजवेल."

अल्बम निघाला, गुळगुळीत. सगळ्या गाण्यांत तो पहिला ठोकाच पुन्हा पुन्हा चिकटवलेला. ठोक्या माझ्याकडं वळला. "अरं, ह्यो देवाचा हाय. तेवढा काढाया सांग. बाकीचं ऱ्हाऊ दे." मी जाऊन भांडलो. करारानं आवाज त्यांचा झालाय, म्हणे. असा संताप आला! पण संतापून करतो काय?

ठोक्या गावी परतला. त्याला कंपनीनं खुशाल जाऊ दिलं; त्याचा ठोका त्यांच्याकडं होताच. मला सोडत नाहीत. गाणारा अजून लागतो, आणि अल्बम द्यायचे बाकी आहेत. तोच गुळगुळीतपणा, तीच टिकटिक, माझ्या कानात. कधी कधी जीव नकोसा होतो.

यंदा शिमग्याला मुद्दाम त्याच्या गावी गेलो. पालखी अंगणात आली. ठोक्या ढोल गळ्यात घालून उभा, पण पहिला ठोका त्याच्या भावानं दिला. मी विचारलं, तर म्हणाला, "माझा तिकडं अडकलाय ना रं. दुसरा कुठनं आणू?" आणि भावामागून वाजवू लागला, खाली मान घालून.

आता स्टेजवर मी एकटाच असतो. पायाशी एक बटण असतं, ते दाबलं की ठोक्या सुरू होतो. लोक शिट्ट्या मारतात, "चल की!" म्हणून ओरडतात. त्यांना ओरडू देतो. खाली वाकतो, चपला काढतो, बटणाला लावलेला हात कपाळाला लावतो. मगच दाबतो.